नारळाचं मीठ

बायकोचा जरा डोळा लागला की मांजराच्या पावलांनी उठायचं आणि झाडाच्या बुडात तांब्यावर तांब्या पाणी ओतायचं, ही काय पंचाहत्तरी गाठलेल्या माणसाची वागणूक झाली? दमयंतीला राग पाण्याचा नव्हता, लपवाछपवीचा होता. दारू पिणारा नवरा परवडला, तो निदान तोंडाच्या वासाने तरी पकडला जातो. हा काशिराम पाणी ओतायचा, सांडलेलं पंचाने टिपायचा, तांब्या पालथा घालायचा आणि परत खाटेवर येऊन घोरायला लागायचा. खरा झोपला म्हणजे तो कधीच घोरत नसे. पन्नास वर्षांच्या संसारात बायकोला एवढं तरी कळणारच की.

त्या सोमवारी तिने त्याला तांब्यासकट पकडला.

"कितवा हा?"

काशिराम दचकला. अर्धं पाणी त्याच्याच पायावर सांडलं.

"तिसरा," तो म्हणाला. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. न बोलायची होती.

"तुमच्या बापसाचं तलं हाय काय तं? ती समोरच्या दारातली हेतल बोलली ना, आठवड्यातना एकदा पानी. बोट घालून बगायचं, ओलं लागलं तर हात आवरायचा. तुमी रोज ओतता. बुडवून मारनार तुमी झाडाला."

"थंडी सरली, उन्हाला लागलाय गो."

"झाडाला लागलाय का तुमच्या डोस्क्याला?"

काशिरामने पंचा खांद्यावर टाकला आणि तो बाल्कनीत निघून गेला. हीही त्याची जुनीच खोड. उत्तर द्यायची पाळी आली की गावात असताना तो मिठागराच्या बांधावर जाऊन बसे. आता गाव नाही, मिठागर नाही, बांध नाही. करंजाड्याच्या सहाव्या मजल्यावर एवढी बाल्कनी तेवढी उरली होती, आणि तिथून समोर दुसऱ्या बिल्डिंगीतल्या लोकांचे वाळत घातलेले कपडे दिसत.

दमयंती झाडापुढे बसली. काल पिवळं पडायला लागलेलं पान आज देठापर्यंत पिवळं झालं होतं.

हे झाड किशोरीने आणलं होतं. फ्लॅटचा ताबा मिळाला त्या आठवड्यात, रिक्षात मांडीवर घेऊन. तेव्हा त्याला तीन पानं होती. "आये, ह्याला मॉन्स्टेरा म्हणतात," ती म्हणाली होती. दमयंतीने झाड पुढून बघितलं, मागून बघितलं. "पैसे देऊन फाटकी पानं आनलीस? धड पानांचं झाड नव्हतं काय बाजारात?" किशोरी हसून हसून भिंतीला टेकली. तिचं हसणं बापासारखं बिनआवाजाचं होतं, पण बोलणं आईचं. बेलापूरच्या ऑफिसात साहेबालाही ती सोडत नसे. तेहतीस वर्षांची झाली तरी लग्नाला उभी राहिली नव्हती. तीन स्थळं तिने परत पाठवली आणि तिन्ही वेळा दमयंतीने वरवर आदळआपट केली, आतून सुटकेचा श्वास सोडला.

दर रविवारी पोरगी ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसायची. खाली हात धरायचा, वरून फडकं फिरवायचं. झाड काथ्याच्या खांबावरून चढत चढत पंख्याला लागलं. पान निघायचं ते सुरळीसारखं, फिकट, नखाएवढ्या टोकाचं. मग दोन दिवसांत उलगडून सुपाएवढं व्हायचं. घरात कोणी आलं की दमयंती सांगायची, "आमच्या किशोरीनं वाढवलंय," आणि वर, "लय हात लावू नका."

गेल्याच्या गेल्या भादव्यात किशोरी गेली. सगळं मिळून पंधरा दिवस. कावीळ. हा शब्द त्यानंतर घरात कोणी उच्चारला नाही. कपडे भाचीला दिले, पुस्तकं रद्दीत घालवली नाहीत पण उघडलीही नाहीत. उरलं ते हे झाड. सकाळी चहाच्या आधी दमयंती त्याच्या शेंड्याकडे बघायची. नवीन सुरळी दिसली की त्या दिवशी दोन घास जास्त जायचे. पोरीचा हात लागलेलं, पोरीच्या मागे अजून वाढणारं असं घरात हे एकच होतं. हे गेलं की मग किशोरी म्हणजे भिंतीवरचा हार घातलेला फोटो, बाकी काही नाही.

आणि ते जात होतं.

आधी पानांच्या कडा करपल्या, पापड एका बाजूने जास्त भाजावा तशा. मग कडेपासून आत तपकिरी डाग सरकत आले, डागाभोवती पिवळी रेघ. मग खालची पानं अख्खी पिवळी पडून गळायला लागली. एक गळलं की वरचं धरायचं. दमयंती गळलेलं पान कचऱ्यात टाकत नसे. किशोरीच्या खोलीत पेपरावर वाळत घालायची. कशाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

समोरच्या फ्लॅटमधली हेतल एक दिवस मोबाइल घेऊन आली. पानाचा फोटो काढला, मोबाइलकडे बघत राहिली.

"आंटी, यात तीन रोग दाखवतंय."

"तीन? मानसाला तीन रोग असले तरी डॉक्टर एकाचेच पैसे घेतो. तुजा मोबाइल लबाड हाय."

"एक फंगस आहे, एक बॅक्टेरिया, आणि एक... पाणी जास्त."

"ते तिसरं खरं," दमयंती मोठ्याने म्हणाली, बाल्कनीपर्यंत जाईल अशा बेताने. "बाकीचे दोन तुज्या मोबाइललाच ठेव म्हनावं."

तरी हेतलने दिलेलं कडुनिंबाचं तेल तिने पानांवर फवारलं. घरभर आठ दिवस वास राहिला. डाग हलले नाहीत.

पण दमयंतीचा खरा भरवसा होता तो स्वतःच्या औषधावर. गावात तिच्या सासऱ्याने बारा माड लावले होते, आणि माड लावताना खड्ड्यात मीठ, वर्षातून एकदा बुंध्याशी पुन्हा मीठ, ही घरची रीत. मिठागरवाल्याच्या घरात मिठाला काय तोटा? माड रुसला, फळ धरेना, पात पिवळी पडली, की सासू म्हणायची, "सूनबाई, मूठभर दे त्याला." दमयंतीने दिलेल्या मिठाने रुसलेले माड लगडलेले तिने स्वतः बघितले होते. गेल्या भादव्यात किशोरीचं वर्षश्राद्ध झालं आणि त्या महिन्यात झाडाने एकही सुरळी काढली नाही. तेव्हा तिने पहिली मूठ घातली. जाडं मीठ, मुद्दाम उरणच्या बाजारातून मागवलेलं, पिशवीतलं पिठासारखं नव्हे. त्यानंतर दर अमावस्येला एक. काशिराम खाली फिरायला गेला की ती माती बोटाने उकरायची, मीठ घालायची, माती परत ओढायची. झाड जास्त पिवळं पडलं तशी तिने मूठ मोठी केली.

सांगितलं मात्र कोणालाच नाही. औषध बोलून दाखवलं की त्याचा गुण जातो. डोंगराकडच्या त्या औषधवाल्यानेही किशोरीच्या वेळी हेच बजावलं होतं, कोणाला सांगू नका, डॉक्टरला तर नाहीच नाही. त्या आठवणीपाशी आली की दमयंती उठून काहीतरी काम काढायची.

त्या सोमवारीही ती उठली, आणि फोन करून खांदा कॉलनीतल्या कमळाकर नर्सरीवाल्याला बोलावून घेतलं. चार तासांनी तो आला. पन्नाशीचा, नखांत माती, खिशात एक छोटं भिंग.

"काकी, किती दिवसांचं दुखणं?"

"दिवालीपासनं. हे बगा, खरं कारन मी सांगतंय. हे आमचे म्हातारे रोज पानी ओततात. तुमी फक्त ह्यांना समजावून सांगा, माजं ऐकत नाय."

काशिराम बाल्कनीच्या दारात उभा होता. 

कमळाकरने पान उलटं केलं, भिंग लावलं, नखाने खरवडलं. दुसरं पान बघितलं, तिसरं बघितलं. दमयंतीला तो शहाणा वाटला, कारण तो बडबडत नव्हता.

"कीड नाही," तो म्हणाला. "कीड असती तर मागून जाळी दिसली असती. बुरशीही वाटत नाही. बुरशीचा डाग पानाच्या मध्ये कुठेही पडतो, गोल गोल, चकलीसारखा. हे बघा, सगळं कडेने आत आलंय. म्हणजे पानात नाही, मुळात आहे. मूळ काहीतरी नको ते पितंय."

"पानीच पितंय, दुसरं काय? दारू कोन देतंय त्याला?"

कमळाकर हसला आणि गुडघ्यावर बसला. कुंडीच्या आतल्या कडेला पांढरी साय धरली होती. दमयंतीला ती कित्येक दिवस दिसत होती. चुना असेल, नळाचं पाणीच तसलं, असं तिने ठरवून टाकलं होतं. कमळाकरने ती नखाने काढली, उजेडाकडे धरली. मग एवढासा कण जिभेला लावला.

आणि थुंकला.

"काकी, ह्यात मीठ कोणी घातलं?"

दमयंतीने तोंड उघडलं. पहिलं जे ओठावर आलं ते, मीठ वाईट कसं, आमचे माड मिठावर वाढलेत, हे. पण कमळाकरच्या चेहऱ्याकडे बघून ते तिथेच अडकलं.

"मी घातलं," ती म्हणाली. "माडाला घालतात तसं."

"अहो, माड खाडीकाठचा. त्याला चालतं. हे जंगलातल्या सावलीतलं झाड, झाडावर चढून पावसाचं पाणी पिणारं. ह्याला मीठ म्हणजे..." त्याने पुढचं गिळलं. "किती घातलंत?"

"अमावस्येला मूठ."

"किती अमावस्या?"

ती मोजू शकत होती. मोजलं नाही.

कमळाकरने कुंडी दोन्ही हातांनी धरून तिरकी केली. बाहेरची कुंडी चिनी मातीची, पांढरी, किशोरीने हौसेने आणलेली. आत झाडाची खरी काळी कुंडी बसवलेली. आतली कुंडी वर आली आणि तिच्याबरोबर असा वास आला की हेतल समोरचं दार उघडून बाहेर आली. ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलात मासा मरून चार दिवस झाल्यावर येतो तो वास. बाहेरच्या कुंडीत वीतभर काळं पाणी साचलं होतं.

"हिला खाली भोक नाही," कमळाकर म्हणाला. "वरून जे ओतलं ते सगळं इथेच राहिलं. मीठ पण इथेच, पाणी पण इथेच. मूळ महिनोन् महिने खाऱ्या पाण्यात उभं आहे."

तेव्हा दमयंतीला आठवलं. दर रविवारी किशोरी पानं पुसून झाली की आतली कुंडी बाहेर ओढायची आणि घासत घासत बाथरूममध्ये न्यायची. फरशीवर ओरखडे पडतात म्हणून दमयंतीच ओरडायची. ती पोरगी तिथे पाणी निथळवायची. ओरखडे अजून होते, पायाला लागत.

"आता काय?" तिने विचारलं.

कमळाकरने मुळात बोट घातलं. मूळ बोटाबरोबर सालीसारखं निघून आलं. मग त्याने सुरी मागितली आणि खोड खालून कापलं. आत चहाच्या गाळासारखा रंग. वीतभर वर कापलं, तोच रंग. अजून वर, अजून वर. प्रत्येक कापाला दमयंती पुढे वाकायची आणि तो काही न बोलता तुकडा बाजूला ठेवायचा. पंख्याजवळच्या शेवटच्या वीतभर तुकड्याला एका अंगाने हिरवं होतं, दुसऱ्या अंगाने तपकिरी रेघ चढलेली. त्याला एकच पान, तेही कडेने जळलेलं.

"हा पाण्यात ठेवा. साध्या पाण्यात. रोज बदलायचं." काचेचा ग्लास तिने दिला. त्याने तुकडा त्यात उभा केला. "पण आस धरू नका, काकी. रेघ वरपर्यंत आली आहे. शंभरात एखादा जगतो."

पैसे त्याने घेतले नाहीत. जाताना फक्त काशिरामकडे वळून म्हणाला, "काका, तुम्ही मात्र पाणी का ओतत होता रोज? झाड तर ओलंच होतं."

काशिराम फरशीकडे बघत राहिला. दार लागलं.

दमयंती खाटेच्या कडेला बसली. फरशीवर झाडाचे तुकडे पडले होते, आणि इतका वेळ तिच्या मनात जे नुसतं चुळबुळ करत होतं ते आता वर आलं. कमळाकर थुंकला, मीठ म्हणाला, तेव्हा ती हादरली होती. नंतर आलेली हेतल दारात हादरली होती. एकटा काशिराम हादरला नव्हता. तो तसाच दाराला टेकून उभा होता, एखादी जुनी गोष्ट पुन्हा ऐकावी तसा.

चाळीस वर्षं मिठागरावर काढलेला माणूस. बोटाच्या चिमटीत खडा धरून तो सांगायचा, हे कोणत्या वाफ्याचं मीठ, आणि पाऊस लागलाय की नाही.

"अवो," ती म्हणाली. "तुमाला म्हाईत व्हतं."

काशिराम खाली बसला. तुकडे गोळा करायला लागला.

"ते ठेवा खाली. मी काय इचारतंय? मीठ हाय ते तुमाला कवापासनं म्हाईत व्हतं?"

"दिवालीच्या साफसफाईत," तो म्हणाला. "कुंडी पुसताना बोटाला लागलं. चाखून बगितलं."

"नि मंग?"

"मंग काय. मीठ पान्यानं उतरतं. रास पावसात सापडली तर रातीत जाते. म्हनलं, तू घालतेस, मी धुतो. हलूहलू उतरंल."

"म्हनून रोज ओतत व्हता."

"खाली भोक नाय ते मना कुठं म्हाईत."

म्हणजे अख्खा हिवाळा दोघं एका झाडापाशी येत होती. सकाळी ती, दुपारी तो. ती खारवत होती, तो बुडवत होता, आणि दोघांनाही वाटत होतं आपण पोरीचं झाड वाचवतोय. मधे एक शब्द पडला असता तर.

"तोंडानं सांगाया काय झालतं? दमे, मीठ घालू नको. चार शब्द. तेवढ्यानं तुमची जीभ झिजत व्हती?"

"तुला सांगायचं..." काशिरामने हातातला तुकडा उलटसुलट केला. "तुला कवा कोनी सांगितलंय, गो? तू बोलतेस तं ऐकायचं. आनि तू ते मीठ घालताना तिच्याशी बोलायचीस. मी एकदा चप्पल इसरलो म्हनून परत आलतो. दारातना ऐकलं. 'किशे, खा गो पोरी,' असं काय काय. मी परत जिना उतरलो."

हे ऐकून दुसरी एखादी रडली असती. दमयंतीला रडू आलं नाही. तिला डोंगराकडचा तो रस्ता दिसत होता. चिरनेरच्याही पलीकडे, रिक्षात तिच्या खांद्याला टेकलेली किशोरी, डोळे हळदीसारखे. औषधवाल्याने गळ्यात काड्यांची माळ घातली होती, कावीळ उतरते तशी माळ लांबते म्हणाला. रोज माळ लांबत होती. छातीवर आली, बेंबीपर्यंत आली आणि दमयंती ज्याला त्याला दाखवत होती, बगा उतरतेय, बगा. नऊ दिवस. किशोरी दोनदा म्हणाली, आये, मला हॉस्पिटलात ने. दमयंती म्हणाली, गप, गुण येतोय. दहाव्या दिवशी पोरगी माणसं ओळखेना. हॉस्पिटलातला डॉक्टर कागद बघत म्हणाला, आठवडाभर आधी आणायला हवं होतं.

त्या नऊ दिवसांतल्या प्रत्येक फेरीत काशिराम रिक्षात पुढे, ड्रायव्हरशेजारी बसला होता. एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं त्याने.

"किशोरीचे बापूस," ती म्हणाली. आवाज इतका खाली आला होता की त्याने मान वर केली. "ती माल लांबत व्हती. तवा तुमाला काय वाटत व्हतं?"

काशिराम हातातले तुकडे एकावर एक रचत राहिला.

"दोरा वला झाला की सैल पडतो. मालेचं तसंच. तुमाला दोरखंड, दोरे, सगलं कलतं. जलम मिठागरावर गेला तुमचा. तुमाला ते कलत व्हतं का नाय?"

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची पिंपिं चालू होती.

"कलत व्हतं," काशिराम म्हणाला. "तिसऱ्या दिवशी ओठावर आलतं. डॉक्टरकडं चला म्हनून. पन तू इतकी खुशीत व्हतीस."

दमयंती उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. ग्लासातला तुकडा तिने खिडकीपाशी नेऊन ठेवला, पान उजेडाकडे वळवलं. कडेचा डाग तिच्या अंगठ्याएवढा होता. सकाळपर्यंत तो केवढा होईल ते तिला आता कोणी सांगायला नको होतं. तिने पदराने पानावरची धूळ पुसली, खाली हात धरून, वरून पदर फिरवून.

मग ती वळली. काशिराम अजून फरशीवरच बसला होता, मांडीत सडलेल्या खोडाचे तुकडे, आणि बाल्कनीच्या दाराकडे बघत होता.

"तिकडं नाय जायाचं. हितं बसून ऐका," दमयंती म्हणाली. "झाडाला मीठ मी घातलं. पोरीला डोंगरावर मी नेली. ते माज्या मुंडक्यावर, मी कोनाच्या पदरात टाकनार नाय. पन मी आंधली व्हते, मना दिसत नव्हतं. तुमाला दोन्ही येलेला दिसत व्हतं, नि तुमी बगत बसला. माज्याहून तुमचा गुन्हा मोठा, किशोरीचे बापूस."